झाड कोणाचे? माळ, देवराई आणि किनारा

सुप्याला समुद्र नाही. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव पारनेर तालुक्यात, दख्खनच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेले आहे. टेकड्यांवर पवनचक्क्या, रस्त्यालगत औद्योगिक वसाहत आणि या दोहोंच्या मधे कुसळी गवताचा माळ. अशा ठिकाणी बसून किनारपट्टीच्या वनांचा इतिहास लिहायला घ्यावा, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. तरी आजचा धागा त्याचाच आहे, आणि तो सुप्यापासूनच सुरू होतो. लांब आहे, सवडीने वाचावा.

(आधी एक खुलासा, कारण दर वेळी कोणीतरी विचारतेच. शहाजीराजांच्या जहागिरीच्या संदर्भात ‘पुणे-सुपे’ असा जो जोडशब्द येतो, त्यातले सुपे ते हे नव्हे. ते बारामती तालुक्यातले. मयूरेश्वर अभयारण्य आणि तिथले चिंकारेही त्याच सुप्याचे. आमचे सुपा वेगळे, आणि त्याच्या वाट्याला बखरीतली ओळ फारशी आलेली नाही.)

पारनेर तालुका कोरडा खरा, पण पाण्याच्या नकाशावर त्याची जागा मोठी कुतूहलाची आहे. तालुक्यातून जलविभाजक जातो. उत्तरेकडच्या उतारावर पडलेला पाऊस मुळेला मिळतो, मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला. दक्षिणेकडचा पाऊस सुप्याजवळून वाहणाऱ्या हंगा नदीतून घोडनदीला, तेथून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जातो. एकाच पठारावर पडलेले दोन थेंब बंगालच्या उपसागराला दोन निराळ्या मुखांनी भेटतात. त्या दोन्ही मुखांशी कांदळवने उभी आहेत. गोदावरीच्या मुखाशी असलेले कोरिंगाचे वन त्यांतले अधिक परिचित. ही वने ज्या गाळावर उभी राहिली तो गाळ शतकानुशतके दख्खनच्या पठारावरून वाहत गेला. आता त्यातला बराचसा वाटेतल्या धरणांत अडून राहतो आणि खाली त्रिभुजप्रदेशाची भर कमी पडते. सुप्याला समुद्र नाही हे विधान म्हणून पूर्ण खरे नाही. समुद्र आहे, फक्त फार खाली आहे.

आणखी एक गोष्ट भाषेची. मराठीत ‘बेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे बेट, आणि बांबूचा दाट झुबका म्हणजेही बेट. आपल्या पूर्वजांना या दोन गोष्टींत काही साम्य दिसले असले पाहिजे. उघड्या माळावर एखाद्या देवळाभोवती उरलेली पाच-पन्नास झाडे दुरून पाहिली की ते साम्य आपल्यालाही दिसते. आमच्याच तालुक्यात वडगाव दर्याच्या घळीत दर्याबाई-वेल्हाबाईचे ठाणे आहे. वरचा माळ उन्हाने करपलेला असतो आणि घळीत उतरताच ओल, सावली, झाडे. कोरड्या समुद्रातले बेटच ते.

अशी बेटे टिकली कशी, कोणी टिकवली, आणि जिथे टिकली नाहीत तिथे काय झाले, हा या धाग्याचा विषय. त्यासाठी पठार उतरून कोकणात जावे लागेल, कारण झाडाच्या मालकीबद्दलचे आपल्याकडचे सर्वांत स्पष्ट राजकीय विवेचन समुद्राच्या निमित्ताने झाले आहे.

ते विवेचन ‘आज्ञापत्रा’त आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या गादीसाठी, साधारण १७१५ च्या सुमारास, हा ग्रंथ सिद्ध केला. समाजमाध्यमांवर त्यातला झाडांविषयीचा मजकूर बहुधा ‘शिवाजी महाराजांचे आज्ञापत्र’ म्हणून फिरतो. ते अचूक नाही. महाराज १६८० मध्ये निवर्तले. हा ग्रंथ त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिला गेला. मात्र रामचंद्रपंत महाराजांच्या हाताखाली तयार झालेले, अष्टप्रधानांत बसलेले गृहस्थ होते. त्यांच्या लेखणीतून त्या काळची राज्यनीती उतरली आहे असे मानायला हरकत नाही. मजकूर त्यांचा, वळण महाराजांच्या राज्याचे, इतके म्हणावे.

झाडांचा विषय या ग्रंथात कुठे येतो, हे पाहण्यासारखे आहे. तो धर्माच्या प्रकरणात येत नाही, शेतीच्याही नाही. तो आरमाराच्या प्रकरणात येतो. जहाजे बांधायची तर तख्ते, सोट, डोलकाठ्या लागणार, लाकूड लागणार. रामचंद्रपंत सांगतात की स्वराज्याच्या अरण्यातले सागवान वगैरे हुजुराची परवानगी घेऊन तोडावे, आणि अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरांसारखी दीर्घकाळ जतन केलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही, आणि एकाला दुःख देऊन केलेले कार्य करणाऱ्यासह अल्पावधीत नाहीसे होते. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये.

यातली भावना आपण नेहमी वाखाणतो. मला त्यामागची व्यवस्था अधिक महत्त्वाची वाटते. राज्याला युद्धासाठी लाकूड हवे आहे, म्हणजे गरज किरकोळ नाही. तरीही राज्य अरण्यातले झाड आणि रयतेने राखलेले झाड यांत भेद करते. ज्याने झाड वाढवण्याचा भार सोसला, त्याची संमती हा राज्याच्या मार्गातला खरा अडसर मानला आहे. ‘झाड कोणाचे?’ या प्रश्नाला येथे दिलेले उत्तर असे की, ज्याने ते राखले त्याचे. प्रत्यक्षात प्रत्येक किल्लेदाराने ही आज्ञा पाळली असेल असे नाही. किनाऱ्यावरच्या कोणा कुळाचा फणस एखाद्या रात्री गलबतात गेलाही असेल. पण आज्ञा काय होती, हे नोंदलेले आहे.

दीडशे वर्षांनी उत्तर बदलले.

१८६४ मध्ये डिट्रिक ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. पुढच्याच वर्षी पहिला वनकायदा आला, आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. या दुसऱ्या कायद्याच्या आधी सरकारच्या आत मोठा वाद झाला होता. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचा आग्रह असा, की लोक जंगलात गुरे चारतात, लाकूड आणतात, तो हक्क नव्हे. ती राजाने दिलेली सवलत, आणि ती काढून घेता येते. ब्रँडिसचे म्हणणे त्याहून मवाळ होते. देशभर फिरताना त्याने देवराया पाहिल्या होत्या, लोक स्वतःच्या नियमांनी वन राखू शकतात हे त्याला ठाऊक होते. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत असा त्याचा प्रयत्न होता. कायद्यात राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन वर्ग आले. पहिल्या दोहोंखालची जमीन वाढत गेली; ग्रामवनाचे कलम बहुतांशी कागदावर राहिले. १९२७ च्या कायद्यातही ते कलम २८ म्हणून आहे. आजही आहे.

कोकणात याचा पहिला फटका बसला तो राबाला. भाताचा तरवा टाकण्याआधी फांद्या, पाला, गवत अंथरून जमीन भाजायची, ही तिथली रीत. त्यासाठी लागणारा झाडोरा जवळच्या जंगलातून यायचा. जंगल राखीव झाल्यावर राबाची फांदी तोडणे हा गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. काही सवलती मिळाल्या, पण मालकीच्या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही.

ते बदलावे म्हणून १९३० मध्ये माणसे मेली. मिठाचा सत्याग्रह करायला समुद्र लागतो. जिथे तो नव्हता तिथे लोकांनी जंगलचा कायदा मोडला. आमच्या जिल्ह्यात संगमनेरला, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात बिळाशीला, वऱ्हाडात पुसदला जंगल सत्याग्रह झाले. पण किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, उरणजवळच्या चिरनेरलाही झाला, हे विसरले जाते. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता, कोळी होते, आगरी शेतकरी होते. मामलेदार जोशीही त्या गोंधळात मारले गेले. जंगल सत्याग्रहाला पुष्कळदा केवळ स्वातंत्र्यलढ्याचे एक उपांग म्हणून पाहिले जाते. कातकऱ्याला त्या डोंगरावरची मोळी आणि कंद कायद्याने चोरी ठरले होते, हे लक्षात घेतले तर त्या दिवसाचा अर्थ अधिक नेमका लागतो.

स्वातंत्र्यानंतर राखीव जंगलाचा मालक बदलला नाही. फक्त त्याचे नाव बदलले. रस्ते डोंगरात पोचले, त्यांच्यामागून कोळशाच्या भट्ट्या पोचल्या. जी झाडे तोडून नेण्याची सोय नव्हती म्हणून उभी होती, त्यांनाही आता भाव आला. देवाच्या नावावर राखलेल्या राया महसूल किंवा वनखात्याच्या दप्तरी सरकारी जमीन म्हणून लागलेल्या होत्या. देवीचे नाव सात-बारावर क्वचितच होते.

याच काळात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून १९७१ मध्ये परतलेले माधव गाडगीळ हे दोघे सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करत हिंडत होते. काळकाई, वाघजाई, सोमजाई, जननी अशी देवतांची नावे. बहुतेक ठिकाणी शेंदूर लावलेला तांदळा, छप्परही नाही. क्षेत्र कुठे चार झाडांएवढे, कुठे पन्नास एकर. आत गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली, आणि सभोवार बोडका डोंगर. त्यांच्या कामाची बातमी पसरली तेव्हा त्या वेळच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाकडून त्यांच्याकडे विनंती आली. गावच्या देवराईतली झाडे वनखात्याने तोडणीसाठी खुणावली होती. ती वाचवायला मदत करा, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते.

शास्त्रज्ञ तिथे गेले ते देवीच्या धाकाच्या कथा ऐकायला मिळतील अशा अपेक्षेने. गावकऱ्यांनी पुढे केले ते पाण्याचे कारण. राईतून बारमाही झरा निघतो, गाव त्यावर जगते, झाडे गेली तर झरा जाईल. देवी होतीच, पण देवीच्या नियमामागचे प्रयोजन लोकांना पुरते ठाऊक होते. तोड थांबली. देवराईच्या अभ्यासात हे प्रकरण पुढे नेहमी सांगितले जाऊ लागले. माझ्या दृष्टीने त्यातली मुख्य गोष्ट अशी, की आपले स्वतःचे वन तोडले जाऊ नये म्हणून गावाला पुण्याच्या शास्त्रज्ञांची शिफारस लागली. नियम गावाचा होता, शिक्का दुसऱ्याचा.

इथे एक दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर इतिहास फार गोड होईल. श्रीवर्धनच्या उत्तरेला, मुरूडजवळ फणसाडचे अभयारण्य आहे. किनाऱ्याला लागून टिकलेले इतके सलग वन रायगडमध्ये दुसरे नाही. ते राखले कोणी? जंजिऱ्याच्या नवाबाने, आपल्या शिकारीसाठी, रयतेला बाहेर ठेवून. संस्थान गेले, जंगल उरले, आणि १९८६ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. म्हणजे बळाच्या जोरावरही वन राखता येते. आणि उलट, देवरायांच्या नियमांतही सगळे समान नव्हते. राईत कोणी पाऊल टाकायचे, कौल कोणी लावायचा, मान कोणाचा, हे गावातल्या उतरंडीने ठरत असे. स्त्रियांना आणि काही जातींना पुष्कळ ठिकाणी मज्जाव होता. समाजाने राखलेले म्हणजे सर्वांनी मिळून राखलेले, असे समीकरण मांडता येत नाही. भार कोणावर पडला, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते.

आता बाणकोटची खाडी ओलांडू. उत्तर तीरावर श्रीवर्धनचा मुलूख, पेशव्यांच्या भट घराण्याचे गाव. दक्षिणेला मंडणगड तालुक्यातले वेळास, नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे गाव. (नानांचा जन्म मात्र वेळासचा नव्हे, ते १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मले.) इतिहासाच्या वाचकाला वेळास एवढ्यासाठीच माहीत असायचे. गेल्या वीसेक वर्षांत ते कासवांमुळे माहीत झाले.

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, भरतीरेषेच्या वर वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि समुद्रात परततात. मागे वळून पाहत नाहीत. पिल्ले पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर पडतात. कोकणच्या किनाऱ्यावर ही अंडी काढून खाण्याची, बाजारात विकण्याची जुनी चाल होती. अंड्यातून सुटले तर कोल्हे आणि कुत्री होतीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाला संरक्षण दिले होते. पण मंडणगडच्या त्या पुळणीवर रात्री दोन वाजता कायदा हजर नसे.

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी वेळासला पोचले. पहिल्या हंगामात सुमारे पन्नास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्ले समुद्रात गेली. पद्धत साधी होती. पहाटे पुळणीवरून चालत जायचे, कासवाच्या पावलांची जोडरेघ दिसली की माग काढायचा, काठीने वाळूचा भुसभुशीतपणा अजमावून घरटे शोधायचे, अंडी काही तासांच्या आत तितक्याच खोलीवर कुंपणाच्या आत पुरायची आणि वर तारखेची पाटी लावायची. या कामाला लागणारी नजर कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नव्हती. ती होती अंडी काढणाऱ्यांकडे. संस्थेने त्यांनाच राखणदार नेमले. माग काढण्याचे कसब तेच राहिले. पगार मात्र आता अंडी वाचवण्याचा मिळू लागला.

पगारावर गाव मात्र फार काळ धरून ठेवता येत नाही. २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले सोडण्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली, आणि ती राहिली गावातल्याच घरांत. उकडीचे मोदक, सोलकढी, पडवीत अंथरुणे. पैसा थेट घरात, तोही बहुधा घरच्या बाईच्या हाती आला. हॉटेल उभे राहिले असते तर तो बाहेर गेला असता. यानंतर घरट्याची राखण हा दोन-चार पगारी माणसांचा विषय उरला नाही. कोणी अंडी उचलली तर नुकसान साऱ्या आळीचे होते. आंजर्ले, गुहागर, गावखडी, तांबळडेग, वायंगणी अशा गावांनी पुढे हीच वाट धरली. आंबा-फणसाबद्दल रामचंद्रपंत जे सांगत होते, त्याचेच हे वाळूतले रूप म्हणता येईल.

सगळे सुरळीत झाले असे समजू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ पुन्हा लागती व्हायला सात-आठ वर्षे जातात. त्याच वर्षी साथीमुळे पाहुणेही बंद होते. गाव पर्यटनावर विसंबले की असे एक वर्ष भारी पडते. आणि वाळूचे तापमान हा आणखी एक घोर आहे. कासवाच्या पिल्लाचे लिंग अंड्याभोवतीच्या वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जितकी तापेल तितक्या माद्या अधिक. याला कुंपण आणि राखणदार पुरणार नाहीत.

कांदळवनाची कथा वेगळ्या क्रमाने घडली. तिथे आधी न्यायालय आले, मग लोक. चिप्पी, तिवर, कांदळ यांच्या दाटीला सरकारी कागदांत फार काळ पडीक दलदल एवढीच किंमत होती. भराव टाकायला सोयीची जागा. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर राज्यभरातल्या कांदळवनांची तोड आणि भराव थांबवला. भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. या आदेशाविना मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत आज काय उरले असते, याची कल्पना करवत नाही. वरून आलेला नियमही कधी कधी वेळेवर येतो.

पण वरून आलेल्या नियमाला खाडीत रोज उतरणारी बाई दिसत नाही. कालवे फोडणारी, शिवल्या गोळा करणारी, चिंबोऱ्या पकडणारी. तिच्यासाठी कांदळवन म्हणजे रोजची शिधाशिदोरी. २०१७ पासून राज्याने कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आणली. गावातल्या समित्या, कालवे आणि खेकड्यांची शेती, आणि समूहाच्या प्रकल्पाला खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचतगटाने त्याच सुमारास कांदळवन सफर सुरू केली. कोळी समाजातल्या या स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात, पाहुण्यांना चिप्पीची श्वसनमुळे आणि तिवराच्या पानावरचे मीठ दाखवतात. इंजिनाची होडी त्यांनी घेतली नाही. आवाजाने पक्षी उठतात. ज्या खाडीत त्यांच्या आज्या मासळीसाठी उतरल्या, तिच्यावर बोलण्याचा अधिकार त्यांना असा आडवाटेने परत मिळाला. मात्र हा अधिकार योजनेचा आहे, मालकीचा नाही. योजना संपतात.

मालकीच्या दिशेने पाऊल पडले ते किनाऱ्यापासून सर्वांत दूर, गडचिरोलीत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. बांबूची बेटे गावाची झाली. कोकणच्या किनाऱ्यावर असा हक्क अजून अपवादानेच दिसतो.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, यात सुपा कुठे? परत येऊ.

१९७२ चा दुष्काळ पारनेरच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. सुकडी आणि खडी फोडण्याची कामे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, आमच्या शेजारच्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे लष्करातून परतले. तिथे पुढे जी पंचसूत्री रूढ झाली तिच्यात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या दोन अटी होत्या. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर तोच मार्ग धरला. वनखात्याच्या जमिनीवर गावाने चर खणले, झाडे लावली, मोकाट चराई थांबवली. गवत कापून डोक्यावर नेण्यास मुभा ठेवली. देवीचे नाव न घेता उभी केलेली ही देवराईच म्हणायची. जमीन सरकारची, नियम ग्रामसभेचा.

पाणी वर आले, माती धरली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. एका गोष्टीची चर्चा कमी होते. चराईबंदीचा पहिला भार कोणावर पडतो? ज्याच्याकडे जमीन आहे तो बांधावरचा चारा घालून गाय सांभाळतो. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या आहेत, त्याचे शेत म्हणजे हाच माळ. बंदी आली की त्याला शेळ्या विकाव्या लागतात. विहिरींना पाणी येते तेव्हा ते विहीर असलेल्याला आधी येते. दिवाळीनंतर घाटावरून कोकणाकडे मेंढरे नेणारे धनगर पिढ्यानपिढ्या याच माळांवरून जातात. त्यांना कोणत्या ग्रामसभेत मत आहे? वेळासने अंडी काढणाऱ्यालाच राखणदार केले, त्याची मजुरी आधी ठरवली आणि मग अंड्यांना कुंपण घातले. आमच्याकडच्या अनेक गावांनी कुंपण आधी घातले. हिवरे बाजारने गवत कापण्याची मुभा ठेवून यातून काही वाट काढली. जिथे तीही नव्हती तिथे दोन-तीन पावसाळ्यांनी रात्रीची चराई सुरू झाली आणि लावलेली झाडे शेळ्यांनी खाल्ली. शेळीवाल्याला दोष देऊन हा विषय मिटत नाही.

जाता जाता एक बातमी, जी या धाग्याच्या निमित्ताने पुन्हा आठवली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका ऑलिव्ह रिडले मादीला क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे परस्परांपासून वेगळी असावीत, हा समज त्यामुळे पुन्हा तपासावा लागला. ज्या उपसागराला आमच्या हंगेचे पाणी जाते, त्याच उपसागरातून द्वीपकल्पाला वळसा घालून ती कोकणात आली होती, आणि त्या रात्री तिचा माग काढायला पुळणीवर माणूस हजर होता.